पगार आणि माया

कामथडीला लागूनच कापूरहोळ आहे. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं आणि नसरापूरचा चेलाडी फाटा मागे पडला की आधी कामथडी येते, पाठोपाठ कापूरहोळ. महामार्गावरून जाणाऱ्याला एक गाव कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे कळतही नाही. या कापूरहोळच्या एका बाईचं नाव इतिहासात आहे, धाराऊ गाडे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. सईबाईंची प्रकृती नाजूक, बाळाला दूध पुरेना, तेव्हा जवळच्याच मुलखातून धाराऊंना आणलं गेलं. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाई वारल्या तेव्हा बाळाला अडीच वर्षंही झाली नव्हती. राजगडाच्या पायथ्याला पाल गावात त्यांची समाधी आहे. आईवेगळ्या मुलाला आजीने, जिजाबाईंनी, वाढवलं. धाराऊंनी त्याला अंगावर पाजलं होतं, म्हणून त्यांचे मुलगे अंतोजी आणि रायाजी त्याचे दूधभाऊ ठरले. साडेतीनशेहून अधिक वर्षं लोटली, तरी कापूरहोळात हे नाव अजून अभिमानाने घेतात.

दुसऱ्याचं मूल वाढवणाऱ्या बाईला या मुलखाने इतका मान दिला, हे ही कथा लिहिताना मला सारखं आठवत होतं. धाराऊंना माझ्या कथेत ओढायचं नाही. त्यांच्या आयुष्यात यातलं काही घडलेलं नाही आणि तसं सुचवणंही अनुचित होईल. पण त्यांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, कामथडीतल्या एखाद्या घरात, आज एक बाई महिना ठरवून आईवेगळ्या मुलीला सांभाळायला येते. तिची वेणी घालते, तिच्या मागे ताटली घेऊन फिरते, ताप चढला तर उशाशी बसून रात्र काढते. गाव तिला 'कामाला येणारी' म्हणतं आणि विसरून जातं. त्या बाईचं मन मुलीच्या बापावर बसलं तर मात्र गावाला तिच्यासाठी हवे तेवढे शब्द सापडतात. पुढच्या पानांतली दीर्घकथा अशा बाईची आहे. माणसं कल्पित आहेत, गाव खरं आहे.

कथेचा सांगाडा इथेच सांगून टाकते, कारण या विषयात वाचकाला शेवटाची उत्कंठा फारशी नसते. मुलीचा बाप शिरवळच्या एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो. बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली, मागे चार वर्षांची मुलगी राहिली. मुलीला सांभाळणारी बाई वेल्ह्याकडच्या, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणतात तिकडच्या, एका वाडीवरची. नवऱ्याने टाकलेली. काही वर्षं पुण्यात धनकवडीच्या बाजूला लोकांची मुलं सांभाळून परत आलेली, आता कामथडीत चुलतबहिणीच्या आसऱ्याने राहणारी. पहिल्या दिवशी दोघांमध्ये पगार ठरतो, येण्याजाण्याच्या वेळा ठरतात, सुट्टी ठरते.

गावात मूल सांभाळायला पगारी बाई ठेवायची, ही गोष्टच इकडे नवी. पूर्वी भोर-वेल्ह्याची बापईमाणसं मुंबईला, बाया घरी भातखाचरात, आणि पोरं आजी, चुलती, आत्या यांच्यापैकी जिचा हात रिकामा तिच्याकडे. एखादीचं बाळंतपणात बरंवाईट झालं तर लेकरू भावकीत विरघळून जायचं. त्याला कुणी जेवू घातलं याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. तेव्हाची माया मोठी होती अशातला भाग नाही. हात जास्त होते एवढंच. आता महामार्ग रुंदावला, नीरा ओलांडली की शिरवळची कारखानदारी, इकडे खेड-शिवापूरची गोदामं. जमिनी विकल्या गेल्या, भाऊ वेगळे झाले. माझ्या कथेतल्या मुलीला आजी आहे. पण ती पुण्यात थोरल्या मुलाकडे आहे, त्याची दोन लेकरं सांभाळायला. सुनेची नोकरी तिच्याच जिवावर चालते. धाकट्यावर आकाश कोसळलं म्हणून थोरल्याच्या घरातून आजीला काढून आणता येत नाही. अंगणवाडी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हळूहळू ती वाडीवस्तीपर्यंत पोचली, हे या मुलखाचं भाग्यच. पण अंगणवाडी दुपारी सुटते आणि कारखान्याची दुसरी पाळी रात्री. मधले तास कुणाचे, हा प्रश्न त्या बापाला पडतो आणि तिथूनच बाई शोधायला सुरुवात होते.

इथे एक गंमत आहे, ती वाचकाने लक्षात घ्यावी अशी माझी इच्छा आहे. मूल सांभाळण्याचा पगार असतो, ही कल्पना कामथडीत पुण्याहून आली, आणि ती याच खेड्यांतल्या बायांनी आणली. कात्रज, धनकवडी, सिंहगड रस्ता इथल्या सोसायट्यांमध्ये ज्या बायांनी दुसऱ्यांची मुलं वाढवली त्यांना दूध पाजायची बाटली उकळायची कशी हे जसं समजलं, तसंच महिन्याची एक तारीख म्हणजे काय हेही समजलं. कथेतली बाई पहिल्याच बोलण्यात विचारते, "पैसं कवा देनार? येक तारखंला का पाच तारखंला?" बाप गोंधळतो. त्याला वाटत असतं की गावातली बाई आहे, लेकरासाठी येते आहे, काहीतरी देऊच. त्या 'काहीतरी'ला तिने आकडा लावून घेतला, म्हणून मला ती आवडली आणि तिच्यावर लिहावंसं वाटलं.

आता आपल्याकडच्या जुन्या रिवाजाकडे वळते, कारण हा विषय परका, इंग्रजी कादंबऱ्यांतला, असं म्हणून तो बाजूला सारणारे वाचक मला माहीत आहेत. माय मरो आणि मावशी उरो, असं आपण म्हणतो. ही म्हण नुसती मावशीच्या मायेची नाही. तिच्या पोटात एक व्यवहार दडलेला आहे. बहीण बाळंतपणात गेली की धाकटीला लेकरू सांभाळायला बहिणीच्या घरी पाठवायचं. ती तिथे राहायची, लेकरू तिला चिकटायचं. मग दोन्ही घरची वडीलधारी एका दुपारी बसून ठरवायची की सावत्र कुणी परकी आणण्यापेक्षा हीच बरी. लेकराला आई मिळाली, जावई हातचा गेला नाही, दुसऱ्या लग्नाचा खर्चही वाचला. ही रीत महाराष्ट्राच्या बऱ्याच जातींत थोड्याफार फरकाने दिसते आणि तिच्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. म्हणजे मूल सांभाळणारीने मुलाच्या बापाची बायको होणं हा आपल्याकडचा रुळलेला मार्ग आहे. फक्त त्यात त्या मुलीला कुणी काही विचारलेलं नसतं. तिचं मन बसलं की नाही याची चौकशी नाही. 'मी परत घरी जाते' म्हणायची सोय नाही, कारण घरच्यांनीच धाडलेलं. आणि केलेल्या कामाचा पैसा तर नाहीच.

याच ठिकाणी माझी बाई वेगळी पडते. मावशीला नेमलं तर कुटुंब म्हणतं संसार सावरला. पगारी बाईने स्वतःहून जीव लावला तर म्हणतं बाईने डाव साधला. दोघींचं काम तेच, मूल तेच, शेवटही कदाचित तोच. फरक एवढाच की दुसरीत तिची स्वतःची इच्छा मध्ये आली.

बिजवराची कहाणी आपल्या साहित्याला काही नवी नाही. १८९९ साली देवलांचं 'संगीत शारदा' रंगभूमीवर आलं आणि पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात पोर बांधण्याची लाज समाजाला वाटू लागली. १९३७ साली 'प्रभात'च्या 'कुंकू'तली नीरा वयस्क विधुराची बायको होऊन घरात येते आणि ते लग्न मानायलाच नकार देते. नाटक-सिनेमा सोडा, प्रत्यक्षातही मोठमोठ्यांना हे सुटलं नाही. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, पण १८७३ साली पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या इच्छेपुढे त्यांचं काही चाललं नाही आणि अकरा वर्षांची रमाबाई त्यांच्या घरात आली. पुढे रमाबाईंचं आयुष्य घडलं ते त्यांच्या आणि रानड्यांच्या गुणांनी. त्या लग्नाच्या रीतीला त्याचं श्रेय देता येत नाही. वीस वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं. कर्वे विधुर, पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ दहा-अकरा वर्षांचा. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. कोवळ्या कुमारिकेऐवजी आपल्यासारखीच आयुष्याचा फटका बसलेली स्त्री निवडावी, हा कर्व्यांचा निर्णय मुरुड गावाला सोसला नाही. त्यांच्यावर बहिष्कार पडला. गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाईंनी, पुढे 'माझे पुराण' लिहिलं. विधुराच्या घरात आलेल्या बाईने स्वतःच्या तोंडून स्वतःची हकीकत सांगावी, हे आपल्याकडे इतकं क्वचित घडलं आहे की त्या पुस्तकाचं मोल मला त्याच्या वाङ्मयीन गुणांहूनही जास्त वाटतं.

कुणबी-मराठ्यांत आणि इतर कष्टकरी जातींत विधवेला, टाकलेलीला पाट लावायची मोकळीक होती, हे सुधारकांच्या इतिहासात अनेकदा राहून जातं. पण त्या मोकळिकीलाही सावली होती. लग्न दिवसा वाजतगाजत, पाट रात्री, चार माणसांत. पाटाची बायको घरात सगळं करायची, मानपानात मात्र मागे राहायची. माझ्या कथेतल्या म्हाताऱ्या बायांच्या बोलण्यात ही जुनी उतरंड अजून शिल्लक आहे. त्या माझ्या बाईच्याच बाजूच्या आहेत, आणि तरीही म्हणतात, "लावायचाय त कुनाला कळू न देता पाट लावा. मांडव कशाला घालायचा?"

जगाच्या साहित्यात मुलांना सांभाळणारी-शिकवणारी बाई आणि घरधनी यांची सर्वांत गाजलेली कथा अर्थातच 'जेन एअर', १८४७ची. शार्लट ब्रॉंटे स्वतः लोकांच्या घरी मुलांना सांभाळायच्या नोकऱ्या करून आलेली होती. तिने जे लिहिलं त्यातला प्रेमाचा भाग सगळ्यांना आठवतो, पैशाचा भाग कुणाला आठवत नाही. घरधनी रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत असल्याचं कळतं तेव्हा जेन रात्रीतून घर सोडते. परत येते तेव्हा काकाकडून मिळालेली वारसाची रक्कम तिच्या गाठीला आहे आणि रॉचेस्टर आंधळा, पडक्या नशिबाचा झाला आहे. लेखिकेने आधी नायिकेला स्वतःच्या पैशावर उभं केलं आणि मग तिला होकार द्यायला लावलं. हे तिने उगाच केलेलं नाही. मालकाच्या ताटात जेवणाऱ्या बाईचा होकार वाचकाला खरा वाटणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट खऱ्या माणसांची आहे. ऑस्ट्रियात गेऑर्ग फॉन ट्रॅप हा निवृत्त नौदल अधिकारी. १९२२ साली पत्नी लाल ज्वराने गेली, मागे सात मुलं. १९२६ साली साल्झबुर्गच्या मठातून मारिया नावाची तरुणी, त्यातल्या आजारी पडलेल्या एका मुलीला शिकवायला, घरी आली. १९२७च्या नोव्हेंबरात दोघांचं लग्न झालं. तो तिच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा. १९६५च्या 'द साउंड ऑफ म्युझिक'ने ही गोष्ट जगभर नेली, गाण्यांनी गोड करून. मारियाने मात्र १९७२ साली आलेल्या आत्मकथनात साफ सांगून टाकलं आहे की लग्नाच्या वेळी तिचं प्रेम मुलांवर होतं. नवरा तिला आवडत होता, एवढंच. त्याच्यावर प्रेम नंतर बसलं. सिनेमाने हे काढून टाकलं, कारण पडद्यावर ते शोभलं नसतं. आपल्या हिंदी सिनेमाने तर विषयच चुकवला. १९७२च्या 'परिचय'मध्ये गुलजारांनी मुलांना शिकवायला येणारी बाई बदलून पुरुष मास्तर आणला आणि घरधन्याच्या जागी आजोबा ठेवले. मग मास्तराचं प्रेम घरातल्या तरुण मुलीवर, आणि पगार देणारा-घेणारी हा पेच शिल्लकच राहिला नाही. सिनेमा चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण आपल्याला कुठे बघायला नको वाटतं, ते त्यावरून कळतं.

मारियाचं ते एक वाक्य मला या कथेसाठी कुठल्याही कादंबरीपेक्षा उपयोगी पडलं. मूल सांभाळणाऱ्या बाईचं मन आधी मुलावर बसतं, मग त्या घरावर, आणि या सगळ्यात बाप कधी आला हे तिलाही नीट सांगता येत नाही. त्याचा डबा ती भरते, कारण मुलीची पोळी करायचीच असते, त्याच्या दोन जास्त. त्याचा निळा शर्ट ती दोरीवरून काढते, कारण पाऊस आला आहे. मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला तो कधी नाही ते सोबत येतो आणि रस्त्याने तिघं चालतात. मुलगी मधे, एकेक हात दोघांच्या हातात. लांबून बघणाऱ्याला ते कुटुंबच दिसतं आणि ते तसं दिसतं हे तिच्याही ध्यानात येतं. भिंतीवर हार घातलेला बायकोचा फोटो आहे, कपाटात तिची लुगडी-साड्या जशाच्या तशा. कपाटाची किल्ली बाप एके दिवशी या बाईच्या हातात देतो, 'मुलीचे स्वेटर काढा' म्हणून. त्याच्या मनात स्वेटरशिवाय काही नसतं. तिच्या हातात मात्र दुसऱ्या बाईच्या घराची किल्ली आलेली असते.

बापाच्या बाजूने पाहिलं तर त्याला जे वाटतं त्यात कृतज्ञता किती, एकटेपण किती आणि ओढ किती, याचा निवाडा मी केलेला नाही. त्यालाही तो करता येत नाही. पाळी करून रात्री घरी आल्यावर दिवा चालू असतो, मुलगी झोपलेली असते आणि झाकून ठेवलेलं जेवण गरम असतं. ज्याच्या घरात वर्षभर कुणी दिवा लावलेला नाही अशा माणसाला हे एवढं पुरेसं असतं. पण त्या दिव्याचा तो पगार देतो, हे त्याला त्या क्षणी आठवत नाही. तिला आठवतं. या कथेतलं खरं अंतर जातीचं नाही, वयाचंही नाही. ते या आठवणीचं आहे.

म्हणून मी कथेत एक प्रसंग लांबवला आहे. संपादकांनी तो कापायला सांगितला होता, मी कापला नाही. दोघांत काहीतरी आहे हे दोघांनाही कळल्यानंतरची पहिली एक तारीख. तो पाकीट पुढे करताना अवघडतो. द्यावं तर तिचा अपमान, न द्यावं तर फुकट राबवल्यासारखं. ती पाकीट घेते, त्याच्यासमोर नोटा मोजते आणि पदराला बांधते. काही वाचकांना इथे ती रूक्ष वाटेल. मला ती त्या क्षणी सर्वांत शहाणी वाटते. ज्या दिवशी ती न मोजता पैसे घेईल किंवा 'राहू द्या' म्हणेल, त्या दिवसापासून त्या घरातलं तिचं काम फुकटचं होईल, आणि अजून बायको तर ती झालेली नसेल.

इथे कायद्याचं थोडं बोलायला हवं. कथेत ते फारसं येत नाही आणि वाचकाला ते माहीत असावं असं मला वाटतं. घरकाम करणाऱ्या बायांसाठी महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. मूल सांभाळणारी बाई त्यात नोंदणी करू शकते. गावाकडे ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, कारण गावात मुळात अशा बायांना कामगार म्हणतच नाहीत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा घरालाही कामाची जागा मानतो. घरकामवाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते आणि सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. माझ्या कथेतला बाप सज्जन आहे. पण सगळे बाप सज्जन नसतात, आणि दार आतून लागलेल्या घरात एकटी बाई कामाला जाते तेव्हा प्रेमकथा आणि जबरदस्ती यांची सुरुवात बाहेरून अगदी सारखी दिसू शकते. दोन्हींत फरक करायची माझी कसोटी एकच आहे. तिने आज नाही म्हटलं तर उद्या सकाळी ती त्याच घरात, त्याच पगारावर, मान वर करून कामाला येऊ शकते का? येऊ शकत असेल तरच तिच्या हो म्हणण्याला अर्थ आहे. कथेत ती एकदा नाही म्हणते. दुसऱ्या दिवशी काय होतं, यावर कथेचं मधलं प्रकरण उभं आहे.

गावाचा विरोध कुठून येतो याबद्दल माझं मत जरा कडवट आहे. तोंडावर चारित्र्य, घराण्याची अब्रू, पोरीचं पुढे कसं होणार. पोटात गुंठे. महामार्गाकडेच्या जमिनीला भाव आला तेव्हापासून कामथडी-कापूरहोळच्या पट्ट्यात सातबारा हा घरोघरचा ग्रंथ झाला आहे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवरा मृत्युपत्र न करता गेला तर विधवेला मुलांच्या बरोबरीने हिस्सा मिळतो. म्हणजे ही बाई उद्या बायको झाली तर परवा तिचं नाव उताऱ्यावर लागू शकतं. चुलते-भावांना हे पाठ असतं. कथेतला चुलता एकदा रागाच्या भरात बोलून जातो, "पोरगी संभाळती का रान संभाळती, आमाला कळतंया." त्याला खलनायक करायचा मोह मी आवरला आहे, कारण त्याच्या जागी बसून पाहिलं तर त्याची भीती खोटी नाही.

तिच्यापुढे आणखी एक अडचण आहे आणि तीही कागदाची. नवऱ्याने टाकलेली असली तरी तिचा घटस्फोट झालेला नाही. या डोंगरपट्ट्यात अशा कितीतरी बाया आहेत. माहेरी परत आल्या, नवऱ्याने दुसरी आणली, पण न्यायालयाचा कागद कुणीच केला नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न निरर्थक ठरतं. देवळात हार घातले, पत्रिका छापल्या, गावजेवण दिलं, तरी. नवऱ्याने सोडून पंधरा वर्षं झाली म्हणून आपण मोकळ्या, असं समजणाऱ्या बायांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं. कथेत ते अंगणवाडी सेविका सांगते. अशा गोष्टी गावात बहुतेक तीच सांगते.

आणि मुलीचं काय? लग्न झालं, सगळं सुरळीत झालं, तरी कायद्याच्या नजरेत ही बाई त्या मुलीची आई होत नाही. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आई-वडील आहेत आणि तिथेच स्पष्ट म्हटलं आहे की त्यात सावत्र आई-वडील धरायचे नाहीत. उद्या बाप अपघातात गेला, आणि शिरवळच्या पाळीवरून रात्री मोटरसायकलने येणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा विचार अवास्तव नाही, तर जिने त्या मुलीला चौथ्या वर्षापासून वाढवलं तिला तिच्यावर नैसर्गिक पालकाचा हक्क नाही. मामा, चुलते, आजोबा न्यायालयात उभे राहू शकतात. म्हणजे हिशेब असा होतो की लग्नाआधी तिला मुलगी सांभाळण्याचा पगार होता. लग्नानंतर पगार गेला आणि मुलगीही कागदावर तिची झाली नाही. त्याच कायद्यात एक वाट आहे. बाप मृत्युपत्राने मुलीचा पालक नेमू शकतो आणि आई हयात नसेल तर ती नेमणूक चालते. कथेतल्या बापाने हे करावं असं मला लिहिताना फार वाटत होतं. तो करतो का, ते वाचकाने बघावं. विधुराशी लग्न करणाऱ्या प्रत्येक बाईने मात्र मंगळसूत्राच्या आधी हा कागद मागावा, असं माझं मत आहे, आणि ते कुणाला रूक्ष वाटलं तरी बदलणार नाही.

भाषेबद्दल दोन शब्द. माणसांच्या तोंडी कामथडीच्या आसपासची बोली आहे, पण ती सगळीकडे सारखी ठेवलेली नाही. शिरवळच्या कारखान्यात पाळी करणारा तरुण, पुण्यातून परत आलेली बाई, रानात राबणारी म्हातारी आणि अंगणवाडी सेविका एकाच बोलीत बोलत नाहीत. एकच माणूस सुपरवायझरशी एक बोलतो आणि चुलत्याशी दुसरं. ज्यांना यात विसंगती वाटेल त्यांनी चेलाडी फाट्यावर गाडीची वाट बघत अर्धा तास उभं राहावं. मुलगी त्या बाईला शेवटपर्यंत 'मावशी'च म्हणते. आई म्हण, असं तिला कथेत कुणीही शिकवत नाही. हा निर्णय मी आधीच घेतला होता आणि त्याबद्दल मला कुणाशी वाद घालायचा नाही.

कथा वाचणाऱ्यांना एकच विनंती आहे. पगाराचा आकडा कथेत जिथे जिथे येतो, तिथे त्यावरून डोळे फिरवून प्रेमाच्या ओळीकडे पळू नका. आकडा बदलत जातो, एकदा थांबतो आणि एकदा पुन्हा सुरू होतो. तो कधी थांबला आणि कुणी थांबवला, एवढं नीट पाहिलंत तर बाकीची कथा मी न सांगताही तुम्हाला कळेल.